प्रकल्प नोंदी: किल्लारीचा भ्रंश, छहात्तर हजार वर्षं आणि आत्याचं माळवद

१८ जून २०२४, नांदेड

मार्चपासून डोक्यात घोळत होतं, आज वही उघडली. २१ मार्चला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोलीकडे ४.५ चा धक्का झाला आणि इथे आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. त्या दिवशी कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न: "सर, मोठा येणार का?" मी पाया आणि मातीची ताकद शिकवतो. पण सिव्हिलच्या मास्तराला जमिनीखालचं सगळं कळतं, असा आपल्याकडे समज आहे.

तर प्रकल्प असा. एक भ्रंश, म्हणजे जिच्यावरून दोन बाजूंचे खडक सरकतात अशी जमिनीखालची भेग, संगणकात उभा करायचा, त्याच्यावर हळूहळू ताण वाढवायचा, आणि लाखो वर्षं चालवून तो किती वेळा सरकतो ते मोजायचं. सोबत दोघं: कॉम्प्युटरचा एक मुलगा आणि सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी. भ्रंश अर्थातच किल्लारीचा.

एवढा खटाटोप का, तर आपली नोंदवही फार तोकडी आहे म्हणून. मराठवाड्याच्या परिसरात यंत्रांनी टिपलेले भूकंप काही दशकांचे, आणि भ्रंशाचा एक फेरा, म्हणजे एका मोठ्या सरकेपासून पुढच्या मोठ्या सरकेपर्यंतचा काळ, हजारो वर्षांचा. दोन दिवसांच्या पावसावरून दुष्काळाचा अंदाज काढण्यातला प्रकार. कॅलिफोर्नियात ही अडचण ओलांडायला लोकांनी सिम्युलेटर, म्हणजे संगणकात नकली भूकंप घडवणारे प्रोग्राम, लिहिले. त्यातला आरएसक्यूसिम हा डायटरिक आणि रिचर्ड्स-डिंजर यांचा. २०१८ साली शॉ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या सिम्युलेटरच्या नकली भूकंपांतून काढलेला धोका तिथल्या अधिकृत अंदाजाशी बऱ्यापैकी जुळतो. आमचं काम म्हणजे त्याची गावठी, छोटी आवृत्ती.

२५ जून

भूमिती ठरवली. पक्कं काय माहीत आहे ते आधी फळ्यावर लिहिलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, मॅग्निट्यूड ६.२, केंद्र उथळ. सरकण्याचा प्रकार उलटा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबल्यावर वरचा खडक खालच्यावर चढतो तसा. भ्रंशाची दिशा साधारण पश्चिम-वायव्य ते पूर्व-आग्नेय, उतार नैर्ऋत्येकडे, सुमारे ४५ अंश.

नंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं. त्यात वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर आणि मग जुना ग्रॅनाइटी पाया. आमच्या कामाची खरी अडचण या आकड्यांत आहे. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंश विमानातून दिसतो, ओढेनाले त्याच्यावरून वाकडे झालेले दिसतात. आपल्याकडे पायातल्या भेगांवर लाव्ह्याची जाड वाकळ पांघरलेली. खाली कुठे काय चिरलेलं आहे, ते वरून कळायला मार्ग नाही.

१२ किमी लांब, ८ किमी रुंद पट्टी धरली. अर्ध्या किलोमीटरचे चौकोनी तुकडे: २४ गुणिले १६, एकूण ३८४. एक तुकडा सरकला की बाकीच्या प्रत्येकावर ताण किती वाढतो किंवा उतरतो, याचं कोष्टक ओकादाच्या सूत्रांनी आधीच काढून ठेवायचं. ३८४ चा वर्ग म्हणजे दीड लाखाच्या आत नोंदी. लॅपटॉपला काहीच नाही.

ताळाही करून पाहिला. ६.२ ला भूकंपाचा मोमेंट (खडकाची दृढता, सरकलेलं क्षेत्रफळ आणि सरक यांचा गुणाकार) सुमारे २.२ गुणिले १० चा १८ वा घात न्यूटन-मीटर. खडकाची दृढता ३० गिगापास्कल धरली, क्षेत्रफळ ९६ चौ. किमी, तर सरासरी सरक ०.७६ मीटर. म्हणजे दीड हाताहून थोडी जास्त. तेवढ्या सरकेने आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

३ जुलै

घर्षणाचा नियम बसवला. हा भाग मुलांना समजवायला मजा आली. जड लोखंडी कपाट ढकलताना सुरुवातीला हलत नाही, एकदा हललं की पुढे सोपं जातं. आणि रात्रभर एका जागी राहिलं की सकाळी पुन्हा हट्टी होतं. खडकाचंही तसंच. किती वेगाने सरकतोय आणि किती काळ चिकटून बसलाय, या दोन्हींवर घर्षण ठरतं. आरएसक्यूसिमची युक्ती अशी की प्रत्येक तुकड्याला तीनच अवस्था: चिकटलेला, सुटायच्या बेतात आलेला, सुटलेला. मधल्या हजारो निवांत वर्षांचं गणित सेकंदा-सेकंदाला करत बसायचं नाही. पुढची अवस्था कुठला तुकडा कधी बदलेल, एवढं काढून थेट तिथे उडी मारायची. म्हणूनच लाखो वर्षं एका रात्रीत होतात.

५ जुलै

सकाळी आठला मुलगा धावत आला. "सर, दर छहात्तर वर्षांनी किल्लारी! पुढचा दोन हजार एकोणसत्तरला!" चेहऱ्यावर नोबेल मिळाल्याचा आनंद. मुलगी मागे गप्प उभी. तिचं आजोळ औसा तालुक्यातलं.

दहा मिनिटांत चूक सापडली. भ्रंशावर वर्षाला किती सरक साठते, हा आकडा आम्ही ०.०१ मिलिमीटर धरला होता. कोड मागत होता मीटर. ०.०१ मीटर म्हणजे १० मिलिमीटर, हजारपट. दुरुस्त करून लावलं, तर फेरा छहात्तर हजार वर्षांचा झाला.

मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, चूक कोडमध्ये एका ओळीची होती, पण ती नीट बघ. हा आकडा आपण आणला कुठून? तो म्हणाला, "तुम्हीच सांगितला सर." बरोबर. मीच सांगितला.

१० जुलै

सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा. ४.५, केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ. मी दाढी करत होतो. आधी गुरगुर, मग आरसा हलला, की मीच हललो, सांगता येत नाही.

पाच मिनिटांत आत्याचा फोन. ती त्याच तालुक्यात राहते, जुन्या दगडी वाड्यात. "आरं, भांडे पडले सगळे. भिंतीतून माती गळायली. आम्ही अंगणात बसलोत. आत जावं का न्हाई?" मी म्हटलं, आज दिवसभर बाहेरच बसा. "आन् रात्री?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओसरीच्या पत्र्याखाली झोपा, म्हटलं.

कॉलेजात पुन्हा तोच प्रश्न. ४.५ आणि ६.२ मध्ये ऊर्जेचा फरक सुमारे साडेतीनशे पट, हे सांगून लोकांना जरा बरं वाटतं. त्यामुळे "छोटे धक्के बसले की ताण निघून जातो, मोठा टळतो" या लाडक्या समजुतीचंही वाटोळं होतं, कारण एका ६.२ ची ऊर्जा थोडीथोडी काढायची तर ४.५ चे साडेतीनशे धक्के लागतील. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे भागातले लोक कित्येक वर्षं जमिनीखालचे आवाज ऐकताहेत. त्यांना हे गणित सांगून झोप येणार नाही.

आमचा सिम्युलेटर यावर काय म्हणतो? काहीच नाही. कळमनुरीखालचा भ्रंश त्यात नाहीच.

२२ जुलै

कॅटलॉग, म्हणजे सिम्युलेटरच्या नकली भूकंपांची यादी, फारच शिस्तीचा निघतोय. पट्टी पूर्ण सरकते, मग छहात्तर हजार वर्षं सामसूम, मग पुन्हा पूर्ण सरकते. लहान धक्के नाहीतच. खऱ्या निसर्गात एक मॅग्निट्यूड खाली आलं की संख्या साधारण दहापट होते. कारण उघड आहे: आमचा भ्रंश काचेसारखा गुळगुळीत आणि एकसारखा. तुकड्यांवरचा दाब कमीजास्त केला, काही ठिकाणी खडबडीत केलं, तेव्हा कुठे लहान धक्के दिसायला लागले. मोठ्यानंतरचे पश्चात धक्केही आले, आणि दिवसागणिक विरळ होत गेले. जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओमोरीने १८९४ साली सांगितलं होतं तसेच. हे आम्ही कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. घर्षणाच्या नियमातून आपोआप आलं. त्या दिवशी मुलांना मी चहा पाजला.

एक मर्यादा लिहून ठेवतो: एकटा तुकडा सरकला तरी मॅग्निट्यूड ३.४ होतो. चार-पाच तुकडे सरकल्याशिवाय त्या भूकंपाला आकार येत नाही, म्हणून साडेचारच्या खालचं काही आम्ही मोजत नाही.

१८ ऑगस्ट, किल्लारी

रविवार, गाडी करून गेलो. सोयाबीन गुडघ्याच्या वर. जुन्या गावठाणात भिंतींचे ढिगारे, त्यातून उगवलेल्या बाभळी. १९९३ ला जमीन जिथे फाटून उंचवटा आला होता त्याची छायाचित्रं सोबत होती. इतकी वर्षं नांगर फिरल्यावर मला तरी जागेवर काही ओळखता आलं नाही.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ आले. "काय मोजायलात सर?" मुलीने त्यांना मामा म्हणत सगळं समजावलं: संगणकात भ्रंश, ताण, लाखो वर्षं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ब्याण्णवला दसरा-दिवाळीच्या दरम्यान लई धक्के बसले," ते म्हणाले. "लोकं वैतागले. मग थांबले. आम्हाला वाटलं, गेलं. गणपती बुडवून आलो त्या रात्री मी शेतात झोपायला आलतो, म्हणून हाय." मग थोडं थांबून: "ब्याण्णवला तुमचं मशीन असतं तर सांगितलं असतं का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. आमच्या कॅटलॉगमध्ये मोठ्याच्या आधी छोटे धक्के येतात, असं कधी कधी होतं. छोटे येतात आणि पुढे हजारो वर्षं काहीच होत नाही, असंही होतं, आणि ते कितीतरी जास्त वेळा. आधीच्या धक्क्यांकडे बघून दोन्हींत फरक करता येत नाही. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं नाही. "हाव," ते म्हणाले आणि सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलू लागले.

२४ ऑगस्ट

माकणीच्या (निम्न तेरणा) धरणाचा प्रश्न मुलगी तिथूनच घेऊन आली. "निम्न तेरणामुळे झाला का, सर?" यावर शास्त्रज्ञांत बरीच वादावादी झालेली आहे, मी निकाल देणारा कोण. पण सिम्युलेटरमध्ये एक गोष्ट तपासता येते.

दहा मीटर पाण्याचा दाब ०.१ मेगापास्कल. तो सगळा भेगांमधून भ्रंशापर्यंत पोचला असं उदारपणे धरू. घर्षण ०.६ असेल तर भ्रंशाची पकड ०.०६ मेगापास्कलने सैल होते. एका मोठ्या भूकंपात उतरणारा ताण सुमारे ३ मेगापास्कल, म्हणजे त्याचा पन्नासावा भाग. आता छहात्तर हजारांचा पन्नासावा भाग काढा: पंधराशे वर्षं! सॅन अँड्रियासवर वर्षाला ३५ मिलिमीटर सरक साठते, फेरा शे-दीडशे वर्षांचा. तिथे तेवढाच दाब घड्याळ दोन-तीन वर्षं पुढे करेल.

म्हणजे इतक्या मंद भ्रंशावर बाहेरची बारीकशी गोष्टही वेळापत्रक शेकडो वर्षांनी हलवू शकते. ऊर्जा मात्र ती घालत नाही. ती आधीच साठलेली असते. यातून धरणाने केलं असं सिद्ध होत नाही, आणि केलं नाही असंही होत नाही. मुलीला हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

२ सप्टेंबर, पोळा

दोन दिवस नुसता कोसळतोय. काल रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरने दोन तासांत मान टाकली, रन ६१ टक्क्यांवर मेला. मधली स्थिती कुठेच साठवलेली नव्हती. आता दर हजार वर्षांनी फाइल लिहायची. सिम्युलेटरमधली वर्षं, अर्थातच.

१२ सप्टेंबर

आता मुद्द्याची गोष्ट. फेरा ठरवणारा एकच आकडा आहे, सरक साठण्याचा वेग, आणि तो मी दिलाय. ०.१ मिलिमीटर दिला तर फेरा ७,६०० वर्षांचा, ०.००१ दिला तर साडेसात लाखांचा. घर्षणाचे गुणांक बदलून फेरा वीस-तीस टक्के हलतो. या एका आकड्याने शंभरपट. जीपीएसने द्वीपकल्पाच्या आतलं आकुंचन मोजायला गेलं तर ते मोजणीच्या चुकीतच हरवून जातं. कॅलिफोर्नियात सिम्युलेटर चालतो, कारण तिथे हा वेग खंदक खणून आणि जीपीएसने मोजलेला आहे. आणि तिथेही पार्कफिल्डला १८५७ पासून १९६६ पर्यंत साधारण बावीस वर्षांनी सहाच्या आसपासचा भूकंप झाला, म्हणून पुढचा १९८८ च्या आसपास, फार तर १९९३ पर्यंत येणार असं जाहीर झालं. आला २००४ ला.

मग एक भ्रंश सोडून अख्खा मराठवाडा घेतला. सुमारे ६४,५०० चौ. किमी. काळ्या पाषाणाखाली असे शंभर भ्रंश असतील असं मानू. हाही माझाच आकडा. प्रत्येकाचा फेरा छहात्तर हजार, तर कुठे ना कुठे ६.२ होण्याचा फेरा ७६० वर्षं. येत्या पन्नास वर्षांत एक होण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या वर. हे काही किरकोळ नाही.

पण आता एक गाव घ्या. त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत तो भूकंप व्हायचा तर वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४ चौ. किमी, म्हणजे सगळ्या भागाचा दोनशेवा हिस्सा. फेरा दीड लाख वर्षं. बांधकामाच्या नियमांसाठी जो धोका काढतात, त्यात सर्रास ४७५ वर्षांचा फेरा धरतात: पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता. दीड लाख वर्षांची घटना त्या चाळणीतून सहज गळून जाते. १९९३ साली किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती, याचं मला कायम आश्चर्य वाटायचं. आज स्वतः गणित केल्यावर वाटेनासं झालं. २००२ साली तो भाग तिसऱ्या विभागात घातला, पण भूकंप होऊन गेल्यावर नकाशात तिथला रंग बदलणं सोपं. तसाच दुसरा एखादा भ्रंश कुठे आहे, हे त्या रंगाला माहीत नाही. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकला २२ जानेवारी १९८८ रोजी बारा तासांत सहाच्या वरचे तीन भूकंप झाले. तिथेही आधी कुणी धोका रंगवला नव्हता.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन आणि विसर्जन एकाच दिवशी. झेंडावंदन करून घरी. काम नाही.

३० सप्टेंबर

विभागात सादरीकरण झालं. एका वरिष्ठांनी विचारलं, "मग निष्कर्ष काय? मोठा येणार की नाही?" मी ७६० आणि दीड लाख हे दोन्ही आकडे दाखवले. ते म्हणाले, आकडा एकच द्या, अहवालात दोन चालत नाहीत. मी दोन्ही ठेवलेत, आणि शंभर भ्रंशांची गोष्ट मी मनाने धरलीय हे ठळक अक्षरात लिहिलंय.

मुलीने स्वतःच्या भागात वेगळंच केलं होतं. भूकंप सोडून तिने घर मोजलं. तिच्या आजोळच्या जुन्या पद्धतीचं माळवद: दोन-अडीच फुटी भिंत, दोन्ही बाजूंनी दगड आणि मध्ये मातीचा भराव, आरपार जाणारा दगड एकही नाही. वर लाकडी सरं, त्यावर फळ्या आणि दोन फूट पांढरी माती. एका चौरस मीटरवर एक टन वजन. बारा बाय वीस फुटांच्या खोलीवर बावीस टन. भूकंपात गुरुत्वाच्या पाचव्या भागाइतका आडवा झटका बसला, तर छतच साडेचार टनांनी भिंतीला आडवं ढकलतं, आणि भिंत मधोमध पोटातून फाटते. किल्लारीजवळ त्या पहाटे जमिनीचा झटका मोजणारं यंत्र नव्हतं, त्यामुळे तिथला खरा आकडा कुणाकडेच नाही. पण तिच्या गणिताला माझ्यासारखा हजारपट-शंभरपटीचा खेळ नव्हता. टेप आणि वजनकाटा पुरला.

१० नोव्हेंबर, कळमनुरी तालुका

दिवाळी झाली, पाऊस गेला, म्हणून आत्याकडे. ट्रॅक्टर मिळेना, सगळे प्रचाराला. शेवटी शेजाऱ्याने दिला.

आत्या माती उतरवायला तयार नव्हती. "दरसाल पावसाळ्याआधी पांढरी टाकतेत म्हणून तर गळत न्हाई." पत्रा टाकू म्हटलं, तर "उन्हाळ्यात जीव जाईल माझा" म्हणाली, आणि ते खरंच आहे. शेवटी ठरलं: माळवद राहू द्यायचं, वरची माती फूटभर कमी करायची आणि खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा.

कुदळीने एका कोपऱ्यात सरळ कापून पाहिलं. दरवर्षीचा थर वेगळा दिसत होता, पांढरा, मध्ये काळपट रेघ, पुन्हा पांढरा. मुलाने मोजायला सुरुवात केली आणि सदतिसावर सोडून दिलं. खाली सगळं एकजीव झालं होतं. एकूण उंची सव्वीस इंच भरली. त्यातली बारा उतरवली. चार ट्रॉल्या निघाल्या. माती गावातल्याच एकाने शेतात टाकायला नेली.

भिंतीत आरपार दगड बसवायचं काम राहिलंय. गवंडी मतदानानंतर येतो म्हणाला. लॅपटॉपवर रन ४१ लावून आलो होतो, आत्ताच मुलीचा निरोप आला: तीन लाख चाळीस हजार वर्षं झालीत, चालू आहे.